बाभळीच्या घडवंचीला काय लावावं

माझ्या बायकोची उंची बेताची आणि आमच्या पाण्याच्या ड्रमाची जास्त, एवढ्यावरून हे सगळं झालं. गेवराईत आमच्या गल्लीला नळ रोज येत नाही. येतो तेव्हा घरातली झाडून सगळी भांडी भरायची, आणि पिण्याचं पाणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमात. हा ड्रम विटांच्या कट्ट्यावर उभा आहे. पाणी भरलं की ती त्यात तुरटी फिरवते, निवळू देते आणि मग वरचं नितळ पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढते. मी एकदा हौसेनं ड्रमाला खाली तोटी बसवली होती. पहिलाच तांब्या गढूळ निघाला. "गाळ प्यायचा हाय का आता?" असं म्हणून तिनं त्याच दिवशी तोटीला बूच मारायला लावलं. तिचं बरोबर होतं. गाळ खाली बसतो, म्हणून पाणी वरून काढायचं. आणि वरून काढायचं तर चढायला काहीतरी पाहिजे.

आधी ती तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालून त्यावर चढायची. पण मागच्या काही वर्षांत साखरेच्या आजारानं तिच्या पायांतली जाणीव गेली. आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच नाही. "कापसावर चालल्यावानी वाटतंय," असं ती म्हणायची. चप्पल पायातून निघून मागं राहायची आणि ही तशीच पुढं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला जखम झाली तरी कळणार नाही, आणि न कळलेली जखम चिघळली तर पाय वाचवणं अवघड. घरातही चप्पल घालायला लावा, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी तिचे तळवे बघत जा. आमच्याच गल्लीतल्या एका मावशींचा पाय साध्या खिळ्याच्या निमित्तानं गुडघ्याखाली कापावा लागला होता, त्यामुळं मला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. मी तापट आहे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मला भीती लवकर वाटते, आणि ती बाहेर येताना रागाचं सोंग घेऊन येते.

डॉक्टरांच्या दोन्ही गोष्टी तिनं उडवून लावल्या.

"पिण्याच्या पाण्यापाशी चप्पल?" ती म्हणाली. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"मग निदान संध्याकाळी तळवे तरी बघू दे. तुझा गुडघा मुडपत नाही, तुला स्वतःला दिसायचे नाहीत."

"नवऱ्यानं पायाला हात लावायचा? मला नरकात धाडायचंय का?"

आता यातली गंमत अशी, की मी जन्मभर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा, पण गावोगावची माणसं मला डॉक्टरच म्हणायची आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. बैलांचे, म्हशींचे पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा, काटा, तारेचा तुकडा काढणं हे माझं रोजचं काम. लाथा खाल्ल्या, शेणात पडलो, पण खूर बघितल्याशिवाय कुठलं लंगडं जनावर माघारी पाठवलं नाही. हे मी तिला ऐकवलं.

"अगं, हजारो पाय धरलेत मी."

"मंग गोठ्यात जाऊन धरा," ती म्हणाली आणि विषय संपला.

पाय बघता येत नाही, चप्पल घालता येत नाही. मग निदान ती चढते ती वस्तू तरी भरवशाची करावी असं मी ठरवलं. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं बैलगाडी मोडीत काढली होती, तिच्या साट्याच्या, म्हणजे तळाच्या, बाभळीच्या फळ्या माझ्याकडं पडून होत्या. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन लोखंड झालेलं लाकूड. त्यातून मी स्वतःच्या हातानं दोन पायऱ्यांची घडवंची केली. पाय बाहेरच्या बाजूला फाकवले, म्हणजे कलंडायला नको. हलवून बघितली तर जागची हलेना. मला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती दाखवत बसलो.

प्रश्न उरला तो वरून काय लावायचं याचा. लाकूड रोज भिजणार, त्याला उघडं ठेवून चालायचं नाही. शेजारच्या भाईंचं रंगाचं दुकान आहे. ते भिंतीपलीकडून म्हणाले, "ऑइल पेंट मारा, डॉक्टरसाब. पाणी लागत न्हाई, कीड लागत न्हाई, लई टिकतो." पोळा नुकताच झाला होता. त्या शेतकऱ्यानं बैलांची शिंगं रंगवून उरलेले दोन डबे, एक लाल आणि एक पिवळा, माझ्याकडं आणून ठेवले होते. मी विचार केला, शिंगावर उन्हापावसात वर्ष काढतो तो रंग घरात का टिकणार नाही? दोन हात लाल रंग मारला. घडवंची बैलासारखी सजली, नुसती बेगड लावायची बाकी होती. शिंगावर कोणी उभं राहत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

रंग वाळल्यावर पहिल्याच सकाळी ती आंघोळ करून ओल्या पायानं वर चढली. मी ओसरीत पेपर वाचत होतो. धडपड ऐकू आली म्हणून आत धावलो, तर ती ड्रमाच्या काठाला दोन्ही हातांनी लोंबकळलेली, एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, आणि डोक्यावरून ओगराळ्यातलं पाणी निथळत होतं.

"पाय सरकला तर ओरडायचं नाही का?" मी ओरडलो.

"सरकला ते मला कळलंच न्हाई," ती म्हणाली. "पाणी डोक्यावर आलं तवा कळलं." आणि तिला हसू आलं. मला मात्र हसू येईना. आपला पाय घसरतो आहे हे माणसाला पायाकडून कळू नये, पाण्याकडून कळावं, याचा मी पहिल्यांदाच नीट विचार केला.

मग मला वाळूची युक्ती सुचली. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवायची, रंग वाळला की वाळू धरून बसते, पाय सरकत नाही. गेवराईत चोरटी वाळू एवढी चालते, की तिचं नाव काढलं तरी माणसं आधी इकडंतिकडं बघतात, पण मला मूठभरच हवी होती आणि भाईंच्या दारात बांधकामातून उरलेला गोदावरीच्या वाळूचा ढीग होता. ती मी चाळून घेतली. पिठाच्या चाळणीनं घेतली हे घरात उघड झाल्यावर जे झालं ते इथं लिहीत नाही. पण काम झकास झालं. मी स्वतः पाय भिजवून त्यावर उभा राहिलो, मुद्दाम टाच घासली. पाय जागचा हलला नाही. भाईंना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आता हत्ती चढू द्या."

पुढं काही दिवस सगळं ठीक चाललं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर फरशीवर ड्रमापासून गॅसच्या ओट्यापर्यंत लाल ठिपके. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती.

"रंग सुटतोय का काय या घडवंचीचा?" मी चिडून म्हणालो. "सगळी फरशी खराब केली."

"रंग कवाच वाळलाय. आता कशाला सुटंल?" ती भाकरी उलटत म्हणाली.

मी खाली बसून एका ठिपक्यावर बोट फिरवलं. तो पसरला. बोट नाकाशी नेलं. रक्त होतं. हा वास मी जन्मभर घेतलेला आहे, तो ओळखायला मी चुकत नाही. वाळूनं तिची टाच सोलली होती. आधीच भेगाळलेली टाच, रोज चढताना आणि उतरताना थोडी थोडी घासत गेली असणार. ती त्या पायावर उभी राहून भाकरी करत होती, आणि तिला काही माहीत नव्हतं. तिचा पाय वाचावा म्हणून जिच्यात मी एवढा जीव ओतला, तीच वस्तू तिचा पाय खात होती.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं, रोज पट्टी बदलायला सांगितली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तळवे बघत नव्हता का?" घरी आल्यावर पट्टी बदलायचा प्रश्न आला, तर तिनं शेजारच्या भाभींना हाक मारली. मी, ज्याचा या कामात जन्म गेला, दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आणि तिथून सूचना देऊ लागलो. कापूस एकदाच फिरवा, पट्टी आवळू नका. भाभी आतून म्हणाल्या, "भाईसाब, तुमी गप बसा. हे बाईचं पाऊल हाय, म्हशीचं न्हाई." आत दोघी हसत होत्या. मी रागानं उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो.

जखम भरेपर्यंत तिला चढायची बंदी. घडवंची मी गच्चीवर नेऊन टाकली आणि पाणी काढायचं काम माझ्याकडं घेतलं. सकाळी कळशी भरून ठेवायचो, लागेल तसं तांब्या भरून द्यायचो. मला वाटलं, हेच बरं आहे, घडवंचीचं खूळ कायमचं सुटलं. नळ आला त्या दिवशी ड्रम धुवायला म्हणून मी आत वाकून बघितलं, तर पाणी नेहमीपेक्षा कितीतरी वर होतं. या आजारात तर तहान जास्त लागते. मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. तिच्या उशाचा तांब्या सकाळी तसाच भरलेला असायचा. माझ्यासाठी चहा टाकायची, स्वतः घेत नव्हती. ओठ सुकलेले असायचे.

"कावून पाणी पीत नाहीस?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीही भाषा घरची होते.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुमी पेपर वाचत असता. कवा पडलेले असता. घोटभर पाण्यासाठी पण हाक मारायची का मी?"

"हाक मारायला काय जातं?"

"तुमचं काय जात न्हाई," ती म्हणाली.

मी ड्रमावर झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन बसलो. मला रडू आलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पाणी तिच्या हातातलं होतं. कोणाला किती, कोणत्या भांड्यात, पाहुणा आला तर कोणता तांब्या. टंचाईच्या वर्षांत पाण्याचा थेंबन्थेंब तिनं सांभाळला होता आणि घरात कोणी तहानलेलं राहिलं नव्हतं. आता तीच तहान मारत होती, माझ्याकडं मागावं लागू नये म्हणून.

मी एक नवी कोरी रबरी चप्पल आणली. दुकानातून थेट पिशवीत घातलेली, जमिनीला टेकलीसुद्धा नव्हती. तिच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "ही फक्त ड्रमापाशी घालायची. उंबऱ्याबाहेर न्यायचीच नाही."

तिनं ती हातात घेऊन बघितली, मला वाईट वाटू नये म्हणून असेल. "नवी असू द्या न्हाईतर जुनी. चप्पल ती चप्पल. ते पाणी तुमी पिता."

मी वाद घातला नाही, कारण मी तरी कधी ड्रमापाशी चप्पल घालून गेलो होतो? माझ्याही पायांनी ते झालं नसतं. भाईंनी रबरी चटई चिकटवायला सांगितली. तिच्याखाली पाणी साचून बुळबुळीत झालं असतं आणि लाकूड कुजलं असतं. गोणपाट गोळा होतं. काथ्याचं पायपुसणं टोचतं, आणि टोचलेलं तिला कळत नाही. गच्चीवर जाऊन मी त्या लाल घडवंचीकडं बघत बसायचो.

निवृत्त झालो तरी मला अजून कोणी कोणी जनावर बघायला बोलावतात. अशाच एका ओळखीच्या माणसानं शिरूरकडच्या रस्त्याला नवा गोठा बांधला होता. गाय एका जागी अंग चोरून उभी राहते, बसत नाही, खात नाही, अशी त्याची तक्रार. मी गेलो. गाय ठणठणीत होती. खाली मात्र त्यानं घोटून घोटून आरशासारखा कोबा केला होता. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो तेच मी त्याला सांगितलं: "जनावराला पायाखालचा भरवसा नसला की ते उभ्या जागी झुरतं. या कोब्यात खाचा पाड. पण खडबडीत करू नको, खूर झिजतील. पृष्ठभाग गुळगुळीतच ठेव, मधून मधून आडव्या खाचा, आणि खाचांच्या कडा बोथट. पाणी खाचेत उतरतं, पाय कोरडा..."

बोलता बोलता मी थांबलो. तो माणूस माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी चहासुद्धा न घेता गाडीला किक मारली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण ती मला नेहमी ऐकवते. वाटेत मी ती स्वतःलाच ऐकवली.

गच्चीवर बसून मी घडवंचीवरचा रंग आणि वाळू पटाशीनं पार खरवडून काढली, बाभळीचं तपकिरी अंग उघडं पडेपर्यंत. दोन्ही पायऱ्यांवर आडव्या उथळ खाचा पाडल्या. त्यांच्या कडा बोथट करायला माझी खुरं घासायची जुनी कानस काढली. मग पॉलिश पेपर. मी अनवाणी उभा राहून बघितलं आणि लगेच लक्षात आलं, की माझा पाय या कामाचा नाही. माझ्या पायाला टोचलं की तो आपोआप उचलतो. जो पाय उचलणार नाही, त्याच्यासाठी हे करायचं होतं. म्हणून तिच्या जुन्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि तो लाकडावरून ओढत राहिलो. कुठं एक धागा जरी अडकला तरी तिथं पुन्हा पॉलिश पेपर. धागा अडकेनासा झाला तेव्हा थांबलो.

वरून या वेळी जवसाचं तेल. पोट फुगलेल्या जनावराला मी हे तेल किती वेळा पाजलं असेल, पण लाकडालाही ते उत्तम हे गाडीवाले पूर्वीपासून जाणतात. मंद आचेवर तापवायचं, फडक्यानं पातळ हात द्यायचा, लाकडाला पाहिजे तेवढं पिऊ द्यायचं आणि उरलेलं कोरडं पुसून काढायचं. घाई केली, जाड लावलं, की ते चिकट होऊन बसतं. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. मी घाई केली नाही. भाई बघायला आले आणि नाराज झाले. "चमक कुठं हाय?" मी म्हणालो, "नाही, तेच बरं आहे." रंगासारखं हे तेल एकदा लावून विसरता येत नाही, दर वर्षी पोळ्याला शिंगांबरोबर हिलाही एक हात द्यावा लागेल. ते मला चालणार होतं. टिकाऊ म्हणजे एकदा करून मोकळं होणं, अशी माझी समजूत होती. ती आता राहिली नाही.

शेवटी पिवळा डबा उघडला आणि दोन्ही पायऱ्यांच्या पुढच्या उभ्या कडेवर, जिथं पाय टेकत नाही तिथं, एक पट्टा ओढला. ती आता पायांनी चालत नाही, डोळ्यांनी चालते. तिला कड दिसली पाहिजे.

जखम भरल्यावर एका संध्याकाळी मी घडवंची ड्रमापाशी आणून ठेवली. तिनं लाकडावरून हात फिरवला, वास घेतला. पाय धुऊन आली. खाली बघत पिवळ्या पट्ट्याच्या वर एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि वर गेली. ओगराळं बुडवलं, तांब्या भरला. उभ्यानं पाणी पिऊ नये असं ती घरातल्या प्रत्येकाला सांगत आली आहे. पण त्या दिवशी ती तिथंच वर उभी राहून मान मागं टाकून घटाघटा प्याली. तांब्या रिकामा केला. परत भरला आणि तोही प्याली. मी खाली उभा राहून तिच्या टाचांकडं बघत होतो.

"असं टक लावून काय बघताय?" ती म्हणाली. "जनावर हाय का मी?"

मी म्हणालो, "जनावर असतीस तर लई सोपं होतं."

ती हळूहळू उतरली. मला वाटलं ओट्याकडं जाईल, पण ती घडवंचीवरच बसली. पदरानं तोंड पुसलं. खिडकीकडं तोंड केलं आणि उजवा पाय पुढं केला.

"बघा मंग, काय बघायचं ते."

मी फरशीवर बसलो आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ते हलकं होतं आणि ओलं होतं. जुन्या जखमेची कातडी गुलाबी, नीट जुळलेली. तळव्यावर खाचांच्या आडव्या रेघा उमटल्या होत्या, चटईवर झोपल्यावर गालावर उमटतात तशा. मी त्यावर अंगठा दाबला.

"दुखतं का?"

ती खिडकीबाहेरच बघत होती. "मला काय इचारता?" ती म्हणाली. "आता तुमीच सांगायचं."

मी त्या रेघा अंगठ्यानं चोळत राहिलो. हळूहळू त्या पुसट झाल्या आणि गेल्या. खाली कातडी शाबूत होती.

"न्हाई दुखत," मी सांगितलं. तिनं दुसरा पाय पुढं केला.